जीपची लोकर

सांगलीच्या पुस्तक प्रदर्शनात नौशीन बिलाच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढं आष्ट्याचे हंबीरराव आणि शालूबाई हे म्हातारं जोडपं. दोघांचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं, तरी अख्ख्या रांगेला ऐकू येत होतं.

“आवं, इणकामाचं पुस्तक तुमी कशाला घेतलंय?”

“तुझ्यासाठीच की गं.”

“मला येतंय की समदं. तुमच्या जीपच्या स्टेअरिंगला कव्हर इणलं, गिअरला टोपी इणली, आरशांना झालर लावली.”

“व्हय. परवा चौकात गाडी लावली, तर एक म्हातारी बोनेटवर नारळ ठिवून पाया पडून गेली.”

“बघा! लोकांस्नी किती आवडतंय.”

“शाले, हॉर्न दाबला की लोकरीतनं मांजर बोलतंय.”

“तुमच्या हाताला गारठा लागू न्हाई म्हणून इणलंय मी.”

“आष्ट्यात एप्रिलात कुठला गारठा आलाय?”

“आन् ह्ये पान का दुमडलंय? आना हिकडं. ‘विणलेलं कसं उसवावं.’”

हंबीरराव वर पंख्याकडं बघायला लागले.

“घ्या, घ्या. मीबी एक घेतलंय. गाडी सजवायचं.”

“तू? गाडीचं? कशाला?”

“ह्यात जीपचा एकेक भाग मापासकट दावलाय. लय जागा उघड्या ऱ्हायल्यात वो अजून. चष्मा लावा जरा. ह्यातला सायलेन्सर कंचा?”