राहीचा विस्तव आणि शेठच्या मोटारीचा पंप

आता तुमीच सांगा, मोटार शेठची, पंप मोटारीचा, पंप बसवणार अनंता, आणि चूल विझवायची कुणी, तर राहीनं! हा कुठला न्याय गो? मोटार दारात आणताना राहीला विचारलं होतं का कुणी? बंद पडली ती राहीनं पाडली का? नाय ना? मंग? पण नाय, उजाडतंय न उजाडतंय तोच अनंता अंगणात उभा राहून दवंडी दिल्यासारखा ओरडतो काय, "वयनी, चूल विझवा! आज घरात इस्तू ठेवायचा नाय, एक निखारा पण नाय!" जशी काय चूल म्हणजे उष्टं ताट, उचललं आणि विसळलं.

तुमाला सांगते, लढाई लागायच्या आधल्या साली हे झालं, पौषात, वैशाखरे गावात. नथू थोरला आणि अनंता धाकटा, दोघे सख्खे भाऊ, घर एक, अंगण एक, मधे कुडाची भिंत घालून चुली दोन. राही थोरल्याची, गोजर धाकट्याची. नथूपाशी शेत आणि बैल, आणि अनंता शहापुरात लाकडाच्या वखारीवाल्या शेठची मोटार चालवायचा. म्हंजे राहीचा नवरा घरी आला की अंगाला शेणाचा वास, आणि गोजरचा नवरा घरी आला की हातात पुडा! कधी बांगड्या, कधी खारका, आणि एकदा तर साबण. वासाचा! राही आपली रिठ्यानं न्हायची, तिच्या सासूनंही रिठ्यानंच जन्म काढला, काही अडलं नवतं. साबण आणला तर आणला, राहीला काय त्याचं! पण तो वास कुडातनं अलीकडे येतो त्याला राहीनं काय करायचं? नाक कापून फडताळात ठेवायचं?

पण एक गोष्ट होती राहीपाशी, जी गोजरपाशी नवती. विस्तव. हसू नका. सासूनं जाताना राहीच्या अंगावर सोन्याचा डाग नाय घातला, चूल सोपवली. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे राख बाजूला सारून फुंकायचे, अशी ती चूल सोळा वर्षं एक दिवस गार पडली नवती, आणि घराची रीतच अशी की थोरलीची चूल जिती असताना धाकटीनं काडी ओढायची नाय. गोजरकडे काडेपेटी होती, कोनाड्यात, दिसेल अशी ठेवलेली, पण रोज पहाटे तिला खापरी घेऊन राहीच्या दारात यावंच लागायचं आणि म्हणावंच लागायचं, "आक्का, इस्तू द्या." बस्स! ह्या तीन शब्दांवर राही दिवस काढायची. आणि लगेच द्यायची का? छे! "बस गो जरा, अजून फुलला नाय," म्हणायची, आणि फुललेल्या निखाऱ्यांवर आणखी राख ओढायची.

तर झालं काय, शेठनं म्हसं गावी, म्हशाच्या जत्रेत, दुकानाचं पाल लावायचं ठरवलं. मोटारीत मागं ताडपत्र्या, बांबू, पेट्या, मुंगी शिरायला जागा नाय. पुढं अनंता, आणि अनंताच्या शेजारी एक जागा रिकामी. शेठ म्हणाला, "घरच्या कुणाला तरी बसव." नथू आपला बैलगाडी घेऊन आधीच निघणार होता, म्हंजे बायांमधली एक मोटारीत आणि एक घरात, गुरांपाशी. आता कोण जाणार हे काय विचारायचं? गोजरनं लुगड्याची घडी मोडून परत घातली, परत मोडली, आणि कुडापलीकडनं मोठ्यानं म्हणते कशी, "आक्काऽ, तुमच्यासाठी म्हशावरनं काय आणू?"

राही म्हणाली, "काय नको गो. सुखानं जा." तोंडानं म्हणाली. पोटात काय चाललं होतं ते ऐका. म्हशाची वाट जाते टोकावड्यावरनं. टोकावडं म्हंजे राहीचं माहेर, घर अगदी सडकेला लागून, आणि त्या घरात राहीची भावजय भिमी. ह्या भिमीचा भाऊ मुरबाडला कारकून, त्यामुळं तिची मान सदा वर. राही माहेरी गेली की ही ओट्यावर उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारायची, "चालतच आलीस का गो राही? पाय बघ केवढं धुळीनं भरलं!" अशी अकरा वर्षं! एकदा, फक्त एकदा त्या ओट्यापुढनं मोटारीत बसून जायचं, काय बोलायचं नाय, नुसतं बघायचं भिमीकडं, एवढंच राहीला देवापाशी मागायचं होतं. आणि ती जागा मिळाली कुणाला? जिला टोकावड्यात कुत्रं ओळखत नाय तिला!

म्हणून मोटार दारात आली आणि दुसऱ्या दिवशी चालूच होईना, तेव्हा राहीनं... नाय, देवाला नारळ बोलली असं मी म्हणत नाय. पण त्या दिवशी ती भात सडताना गाणं म्हणत होती हे काळूरामबाबानं ऐकलं.

हा काळूरामबाबा शेजारचा म्हातारा, तोंडात विडी घेऊनच जन्माला आलेला. तो, नथू, सगळे मोटारीभोवती जमले. अनंतानं हँडल मारमार मारलं, मोटार नुसती खोकली. आली होती नवरीसारखी आणि बसली रुसलेल्या जावयासारखी. मंग अनंतानं झाकण उघडून आत डोकं घातलं आणि बाहेर काढून म्हणतो, "पंप गेला. पेट्रोल टाकीतनं ओढून इंजिनाला पाजतो तो पंप. आत पडदा असतो, ढोलकीला पुडी असते तसा, वर-खाली होतो. तो फाटला."

नथू म्हणतो, "आमच्या बैलांना पंप नाय ते बरं हाय बाबा."

अनंता गेला कल्याणला, एक दिवस जायला, एक यायला, आणि आणला नवीन पंप फडक्यात गुंडाळून, बाळंतिणीचं पोर आणावं तसा. आणि गोजर काय नाचते! "ह्यांना सगळं येतं, ह्यांना मिस्त्री लागत नाय, घरीच बसवणार!" बसव ना बाई. राहीला काय त्याचं!

पण मंग आली ती दवंडी. चूल विझवा.

"का रं?" राही म्हणते.

"वयनी, पेट्रोल नुसतं सांडून पेटतं असं नाय, त्याची वाफ पण पेटते. वाफ दिसत नाय, जमिनीसरशी सरपटत जाते, सापासारखी. तुमच्या चुलीपर्यंत गेली का घर, गोठा, मोटार, सगळं खलास. आधी घराघरातला इस्तू मारायचा, मंग मी पान्याला हात लावणार. इंजिन पण दोन दिवस गार पडलंय, ब्याटरीची तार पण सोडलीय. उगाच नाय सांगत."

तेव्हा गोजरनं काय करावं? सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी घेतलं आणि आपल्या चुलीत ओतलं भस्सकन. आणि वर म्हणते, "त्यात काय आक्का? विझवा की तुमी पण. उद्या माझ्या काडेपेटीनं पेटवू दोघी!"

ऐकलं? माझ्या काडेपेटीनं! म्हंजे उद्या पहाटे राहीनं खापरी घेऊन गोजरच्या दारात जायचं? आणि म्हणायचं काय? "गोजर, इस्तू दे"? राहीच्या डोळ्यांपुढं सासू उभी राहिली, आणि सासूच्या मागं भिमी उभी राहून हसत होती!

राही घरात गेली आणि दार लोटलं. बाहेर अनंताचं चाललंय, काळूरामबाबाच्या तोंडातली विडी काढली, तर त्यानं कानामागची लावली, ती पण काढली, तर बाबा म्हणतो, "अरे, मंग मी बोलू कसा?" देवापुढचा दिवा शांत केला, हात जोडून. आणि आत राहीनं एक जाड गाडगं घेतलं, तळाला राख घातली, चुलीतले निखारे एक एक करून, लहानसा तुकडासुद्धा न सोडता, चिमट्यानं चाचपून चाचपून त्यात भरले, वर राख, वर मातीचा परळ झाकला, चूल, तिच्या बाजूचा वैल, सगळं खरवडून काढलं, आणि पदराआड गाडगं धरून मागल्या दारानं जी निघाली, ती शेत ओलांडून, बांध ओलांडून, पार ओढ्याच्या पलीकडे करंजाखाली जाऊन बसली. वाऱ्याच्या उलट्या अंगाला, बरं का, राख उडू नये म्हणून. विस्तव जगला पायजे, एवढंच. मोटार पेटली तर पेटली. नाय, असं ती म्हणाली नाय... पण तुमी तिथं असता आणि तिचं तोंड बघितलं असतं, तर तुमी मोटारीपासनं लांब उभे राहिला असता.

इकडं अनंतानं टाकीकडनं येणारी नळी सोडली. पेट्रोल टपटप लागलं गळायला, खाली पत्र्याचा डबा. "गोजर, साबण आण! नळीच्या तोंडात बसवायला! साबणाला पेट्रोल खात नाय." म्हंजे तो वासाचा साबण मोटारीच्या नळीत गेला, आणि हे बघायला राही नवती! आयुष्यात बघण्यासारखं एक झालं आणि बाई गाडगं मांडीवर घेऊन ओढ्यापलीकडे.

जुना पंप निघाला, दोनच बोल्ट, पण खाली जाड कागदाची चकती चिकटून बसलेली, ती अनंता लाकडाच्या चिपेनं खरवडतोय, लोखंडानं नाय, ठिणगी नको म्हणून. डबा पेट्रोलनं अर्धा भरलेला. आणि तेवढ्यात काळूरामबाबा नाक वर करून म्हणतो, "मी नाय रं ओढत. पण धूर कुठनं येतोय?"

धूर! गोजरच्या चुलीतनं! तांब्याभर पाण्यानं वरचं विझलं, पण खाली खैराचा ओंडका आतल्या आत धुमसत होता, वाऱ्याची झुळूक लागली आणि फुलला की लालबुंद! अनंता जो ओरडला! नथूनं डबा उचलला आणि धावला शेताकडं, अनंतानं टोपलीभर माती नेऊन चुलीत उलथली, काळूरामबाबा म्हणतो, "आणि माझी विडी काढली होती!"

मंग अनंताला आठवलं, दुसरी चूल! धावत राहीच्या घरात शिरला, चुलीत हात घातला... गार. दगड गार. एक निखारा नाय, एक कोळसा नाय, बोटं फिरवून बघितली, नुसती झाडलेली जमीन. बाहेर येऊन खालीच बसला. "दादा," म्हणतो, "सगळ्या वाडीत एकाच माणसानं माझं ऐकलं."

दुपारी पंप बसला, सांडलेलं पुसलं, फडकी लांब वाळत घातली, वारा खेळू दिला, हातानं पंपाची दांडी हलवून पेट्रोल वर ओढलं, हँडल मारलं, आणि मोटार गुरगुरली. तो आवाज ऐकून राही परत आली, गाडगं पदराआड. आणि सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"वयनी, इस्तू कुठं नेला होता?"

आता मेले, असं वाटलं तिला. गाडगं पुढं केलं. "ओढ्यापलीकडं," म्हणाली बारीक आवाजात.

अनंताच्या डोळ्यांत पाणी! "बघा! पाणी ओतून विझवण्यावर विसंबली नाय. सगळा इस्तू उचलून वाऱ्याच्या उलट्या अंगाला नेला, वाफ तिथवर पोचूच नये म्हणून! शहापूरच्या मिस्त्र्याला पण हे सुचायचं नाय. दादा, आज वयनीमुळं घर वाचलं. म्हशाला माझ्या शेजारी वयनी बसणार!"

आणि राही काय बोलणार? नाय रे बाबा, मी जळकुटेपणानं नेला होता, असं सांगणार? खाली बघितलं. लोकांना वाटलं, किती नम्र!

गोजर रडली, रात्रीपर्यंत रडली. आणि सकाळी, मोटार दारात उभी, राहीनं नऊवारी लुगडं नेसलेलं, कुंकू ठसठशीत, एक पाय मोटारीत ठेवलेला... आणि गोजर डोळे पुसून गोड आवाजात म्हणते, "जा आक्का. चुलीची काळजी करू नका. तुमचा इस्तू मी राखते."

तुमाला सांगते, राहीचा दुसरा पाय जमिनीवरनं उचलेना. सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दुसरी त्या चुलीपुढं बसणार! आणि परत आल्यावर काय? कुणाच्या हातनं घ्यायचा? आणि विझवलान तर? आणि नाय विझवलान, चांगला राखलान, तर? ते तर आणखीच वाईट!

पण मोटार सुटली. झाडं मागं पळतात, माणसं वळून बघतात, पोरं आरडत धावतात, अनंता सांगतोय ही दांडी अशी, हा बिरेक असा, आणि राही समोर बघतेय, पण तिला सडक दिसतच नाय. तिला दिसतेय गोजर, पाट ओढून बसलेली, फुंकणी हातात, आमच्या... राहीच्या चुलीपुढं.

"वयनी!" अनंता एकदम म्हणाला. "अवं, टोकावडं गेलं की मागं! तुमची भावजय केवढ्यानं हाका मारत होती! ओट्यावरनं उडी मारून सडकेवर आली, आळी गोळा केली तिनं, आणि तुमी मान पण वळवली नाय!"

राहीनं तोंड उघडलं. अनंताला वाटलं, म्हणेल आता, मोटार माघारी फिरव. त्यानं बिरेकवर पाय पण ठेवला.

आणि राही म्हणते कशी, "अनंता... गोजर निखाऱ्यांवर राख जाड घालते का पातळ रं?"

म्हसं अजून दहा कोस होतं. आणि परतायचं होतं परवा.