उठलेच हाय तर शिकूनच जाते

मी पंचफुला खंदारे. माहेर परभणीजवळच्या पेडगावचं, सासर परभणीतलंच. आमचा बाप सालोसाल ऊसतोडीला जायचा आन् आमी लेकरं बी संगं, म्हणून शाळा म्हंजी काय, दिवाळीपर्यंत पाटी आन् दिवाळीनंतर कोयता. सातवी कशीबशी झाली आन् लग्न लागलं. मालक एका सरकारी कचेरीत शिपाई होते. कोणती कचेरी ते सोडा, सगळ्या सारख्याच, भिंतीचा रंग तेवढा येगळा. मालक काविळीनं गेले, लेक सुनीता मांडीवर, आन् त्यांच्या जागेवर मला घेतलं. पहिल्या दिवशी सासू म्हणली, पंचफुले, तिथं मान खाली घालून राहा. मी म्हणले, आत्याबाई, मान खाली घातली तर साहेबाच्या अंगावर पाणी सांडल की.

काय सांगू ताई तुम्हाला, शिपायाचं काम म्हंजी सगळं कानाचं काम. बाहेर स्टुलावर बसायचं आन् घंटी वाजली की उठायचं. घंटी कशी वाजली त्याच्यावरून मला कळायचं, पाणी पाहिजे का फाईल पाहिजे का साहेब तापलेले हायेत. डब्यातला घास हातात असला तरी कान आत. पण खरं सांगते, नोकरीत वर जायचं असलं तर आधी आपल्या वरच्याचं काम शिकून ठेवावं, जागा मिळायच्या आधी, मिळाल्यावर न्हाई. आमच्या इथं लोखंडे भाऊसाहेब म्हणून कारकून होते. त्यांना दर घंट्याला चहा लागायचा. मी चहा न्यायची आन् कप हातातच धरून इचारायची, भाऊसाहेब, ही फाईल आत कशापायी चालली? ते म्हणायचे, मावशी, आधी कप ठेवा. मी म्हणायची, आधी सांगा. असं करत करत निम्मं टेबल मला त्यांनीच शिकवलं, बिचाऱ्यांना पत्ता बी न्हाई लागला. मग बाहेरून दहावी दिली. पुस्तकं लेकीची आन् मास्तरीण बी लेकच, लय ओरडायची.

पुढं परमोशन झालं, कारकून केलं मला. तीच कचेरी, तोच हॉल, फक्त स्टुलावरून खुर्चीवर. पण हुकमात एक गोष्ट होती, मुदतीच्या आत टायपिंगची परीक्षा पास व्हायची, न्हाई तर पुन्हा स्टुलावर. आता तुमीच सांगा, एकदा खुर्चीवर बसून पुन्हा स्टुलावर बसायचं म्हंजी कसं?

पहिला दिवस. नवी साडी, टेबलावर फडकं मारलं, बसले. आन् घंटी वाजली. ताई, मला समजायच्या आधी मी उभी! पाय निघाले बी. नवा शिपाई दारात माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. सगळा हॉल हसायला लागला. लोखंडे भाऊसाहेब म्हणले, मावशी, परमोशन तुमचं झालं, पायाचं न्हाई झालं अजून. लाज तर लय वाटली. पण म्हणलं आता खाली बसले तर जन्मभर हसतील. टेबलावरची फाईल उचलली आन् गेले सरळ आत. साहेब म्हणले, अहो, तुमी कशाला आल्या? मी म्हणले, साहेब, उठलेच हाय तर शिकूनच जाते, ह्याच्यावर टिपणी कशी लिहायची ते दाखवा. साहेब बी हसले. पण दाखवलं.

तरी एका गोष्टीला इलाज नव्हता. तिथं मी सगळ्यांची मावशीच. मावशी, तेवढा चहा सांगा, मावशी, जरा कपाट उघडा. माणसं वाईट नव्हती हो, त्यांना सवय होती, आन् मला बी न्हाई म्हणायची सवय नव्हती. त्याच्यात टायपिंग राहून जायचं. पहिल्या परीक्षेत नापास झाले. मुदत सरत आलेली, आता एकच संधी. मग मी अर्ज केला, माझी बदली जिंतूरला करा. लोखंडे भाऊसाहेब म्हणले, अवं मावशी, लोकं बदली रद्द करायला वशिले लावायलेत आन् तुमी मागून घ्यायल्या? डोकं ठिकाणावर हाय ना? पण मी ठरवलं होतं, जिथं आपल्याला स्टुलावर कुणी बघितलेलंच न्हाई, तिथं जायचं.

रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. तिथं सगळे म्हणायचे खंदारे मॅडम. सकाळी कचेरीआधी टायपिंगचा क्लास, आन् गाडीत पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावर बोटं चालवायची. शेजारची एक म्हातारी म्हणली, बाई, तुमच्या हाताला वात हाय का? मी म्हणले, न्हाई माय, परीक्षा हाय. ती म्हणली, ह्या वयात? मग तर वातच बरा. पास झाले ताई. निकालाच्या दिवशी त्या म्हातारीला सगळ्या गाडीत धुंडलं, पेढा द्यायला. भेटली न्हाई, मग कंडक्टरला दिला.

लय वर्षांनी वरिष्ठ लिपिक होऊन परभणीला वापस आले. लोखंडे भाऊसाहेब रिटायरमेंटला टेकलेले. मला बघून उभे राहिले. मी म्हणले, बसा भाऊसाहेब, उठायची सवय माझी हाय, तुमची न्हाई. त्यांनी चहा मागवला आन् म्हणले, मावशी… म्हंजी मॅडम. मी म्हणले, मावशीच म्हणा, आता काही बिघडत न्हाई.

आता पेन्शन हाय, सुखी हाय. सुनीताची पोरगी प्रज्ञा परीक्षा देऊन कारकून लागली, माझ्याच खात्यात, पण ऑर्डर जिंतूरची आली. सकाळपासून तोंड पाडून बॅग भरायली. सुनीता म्हणती, आई, तुझी ओळख हाय, तेवढं परभणीला करून दे. मी म्हणले, न्हाई करत. उद्या हजर व्हायचंय तिला. मघाशी डोक्यावरून हात फिरवला आन् सांगितलं, प्रज्ञा, जाय बाई. पहिल्या दिवशी तुझं बी कायतरी चुकंलच, आन् सगळे हसतील. हसू दे. चुकून उभी राहिलीसच तर खाली बसू नको, सरळ आत जाय, आन् कायतरी शिकूनच बाहेर ये.