साखरपुड्याला नेलेली सायकल

मेव्हणा हुशार असला की काय भोगावं लागतं, ते मला विचारा. आमच्या बापूला वजन कमी करायला सायकलचं वेड लागलं, आणि ती गाडीमागे लटकवून न्यायला त्यानं रॅक करून घेतला. गोठ्यासाठी आणलेले लोखंडी अँगल घेऊन उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडे गेला आणि रॅक थेट गाडीला वेल्ड करून आला.

मी म्हटलं, "अरे, नटबोल्टवर बसवायचा ना!"

"नटबोल्ट ढिलं हुत्यात, दाजी. आता बैल बांधा, हालायचा न्हाई."

परवा नेवाशाला साखरपुड्याला निघालो, तर मागे सायकल! कशाला, तर म्हणे, "रिकामा रॅक बरा दिसत न्हाई."

वाटेत टायर पंक्चर झालं. स्टेपनी काढायला गेलो, तर डिकीचं झाकण चार बोटं उचललं आणि रॅकला अडकलं. दोघांनी जोर लावला. रॅक तसूभर हलला नाही.

मग साहेब पांढऱ्या कडक कपड्यांत सायकल हाणत पंक्चरवाला शोधायला गेले. इकडे मी उन्हात, तिकडे साखरपुडा आटोपला. पंक्चरवाल्याला घेऊन बापू घामाघूम परत आला, आणि वर तोंड करून म्हणतो, "बघा, रॅक हुता म्हणून सायकल हुती!"

"रॅक नसता तर डिकी उघडली असती!"

त्यानं जरा विचार केला. "व्हय, त्यो घोळ हाय. मग स्टेपनीसाठी टपावर आजून एक रॅक मारतो."

"मार," मी म्हटलं, "पण आधी स्टेपनी बाहेर काढून दाखव."