पाणबुडीचं झाकण

ऐका, पण रात्री झोपेत ओरडलात तर आयांना माझं नाव सांगू नका. माझंच लेकरू मांडीवर टक्क जागं, आणि मी भुताची गोष्ट सांगते आहे. शहाणी आई असं करते का, देव जाणे.

तर जनूमामा काळोख पडल्यावर खाडीच्या वाटेने निघाला. पलीकडे शेवंती राहते. तिचा भाऊ रघुवीर आणि मामा युद्धात एकाच पाणबुडीवर होते. रघुवीर समुद्रात गेला. कसा, ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. तेच सांगायला मामा निघाला होता.

ती पाणबुडी दिवसा पाण्याखाली बॅटरीवर चाले. रात्री वर यायचं, डिझेल इंजिनं लावायची, बॅटऱ्या भरून घ्यायच्या. अशाच एका रात्री वर मामासोबत पहाऱ्यावर असलेला रघुवीर मागच्या आडोशाला विडी ओढायला गेला. मामाला सांगून गेला, बरं का. तेवढ्यात विमान दिसलं. बुडी मारायचा हुकूम. शेवटी उतरेल त्याने झाकण लावायचं आणि ओरडायचं, वर कोणी नाही. मामा शेवटी उतरला. झाकण लावलं. सवयीने ओरडला.

पाणी डोक्यावर आल्यावर त्याला विडी आठवली. तरी तो गप्प राहिला.

युद्ध संपलं. पाणबुडीने पुढे कितीतरी वर्षं नव्या पोरांना शिकवलं, मग भंगारात निघाली, आणि तोडायला आली ती आमच्याच खाडीत. अर्धी तोडली, अर्धी चिखलात राहिली.

त्या रात्री मामा त्या अर्ध्या पाणबुडीपाशी पोचला, तर डिझेलचा वास. इंजिनं तर केव्हाच काढून नेलेली! पुढे गेला, तर आतून घरघर. मग वाटच दिसेना. जिकडे वळावं तिकडे समोर पाणबुडीवर चढायची तीच शिडी. मामा चढला, आत उतरला. का उतरला, मला विचारू नका. मी असते तर पळाले असते. किंवा उतरलेही असते.

झाकण धाडकन बंद. भरती लागलेली, चिखलात रुतलेल्या कापलेल्या बाजूने पाणी आत, पण माणूस बाहेर पडेल एवढी जागा तिथे नाही. गुडघ्याला, कमरेला, छातीला. आणि वरून ठोके.

"जन्या, वर मी आसंय रे."

उघडावं तर तो समोर. न उघडावं तर मरण. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा मामाने झाकणाचं चाक फिरवलं.

वर नुसतं चांदणं. मामा वाचला. सोलवटलेल्या हातांनी चिखलात उतरला. शेवंतीच्या घरातला दिवा तिथून दिसत होता. आणि मामा उलटा फिरला, घरी आला.

अजून ती बाजारात भेटते, जनूदादा म्हणते, हातावर चार बांगडे ठेवते. तो घेतो.

म्हणून सांगते, ती वाट धरू नका. शेवंतीकडे जायचं तर दिवसाउजेडी जा, होडीने जा. तिथलं भूत माणसाला सोडून देतं, आणि सुटलेला माणूस पुन्हा निघत नाही.