उन्हात काळा पडलेला डिस्प्ले

मे महिन्यातला मंगळवार. सकाळपासून कडक ऊन, वारा अजिबात नाही.

आमच्या बोईसरच्या कारखान्यात छप्पर फक्त साहेबांच्या मोटारींना आहे, त्यामुळे माझ्या नव्या मोटरसायकलचा डिस्प्ले उन्हाने पार काळा पडला. पेट्रोल किती उरलंय ते गाडी हलवून, आवाज ऐकून ठरवावं लागायचं. वॉरंटीत बदलून मिळेल म्हणून शोरूमला गेलो. मागे चिंचणीतल्या आमच्या शेजारीण कमळीकाकी, मांडीवर सुक्या बोंबलांची टोपली घेऊन. त्यांना पुढे बाजारात सोडायचं होतं.

मॅनेजर म्हणाला, "गाडी उन्हात ठेवलीत. उन्हाला वॉरंटी नाही."

"मग चालवायची कुठे?"

"चालवा हो खुशाल. उभी करू नका."

काकी तडकल्या. "आमचा बोंबील दिवस दिवस उन्हात टांगलेला असतो, तो नाय काळा पडत. तुमची काच बोंबलाहून कच्ची हाय काय रं?"

मॅनेजर टोपलीत डोकावला. "मावशी, चांगल्या कडक उन्हात वाळवलेत ना?"

"मग काय पंख्याखाली?"

डिस्प्ले बदलून मिळाला नाही. मॅनेजरने अर्धा किलो बोंबील घेतले.