कोरडं इंजिन

— नाही, बसा ना, तो स्टूल घ्या, त्याला तेल लागलेलं नाही. गाडी झाली नाही तुमची. म्हणजे काल झाली होती खरं तर, एक पाइप तेवढा बदलायचा राहिला होता. इंजिन तापत होतं ना, ते हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट गेल्यामुळं — पाणी तेलात उतरत होतं, तेल पार दुधाच्या चहासारखं झालेलं. मीच ओळखलं, मीच बदललं. हो, मीच. मेकॅनिक हे, मी त्यांची बायको. पण त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा म्हणाले, हात तुझे, डोकं माझं. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, आत कोण कुरकुरतंय ते ऐकायचं — हसू नका, तसंच ऐकतात — सगळं त्यांनी शिकवलं. हेडचे बोल्ट मधून आवळत कडेला जायचं, तेही थोडं थोडं. चुकलं की पाना हातातून काढून घ्यायचे.

मग एकदा स्वतःच कडेपासून आवळायला लागले. म्हटलं, अहो, मधून ना? तर म्हणाले, कोण म्हणालं? — त्या दिवशी वाटलं, शिकलेच नसते तर बरं होतं, मला कळलंच नसतं. डॉक्टर म्हणतात, हा विसर वाढतच जाणार. मग काय करते मी, त्यांच्यासमोर ते सांगतील तसं करते, ते आडवे झाले की खोलून परत करते. कुणाला बोलू नका हं. गिऱ्हाईक त्यांच्या नावावर येतं.

आज सकाळी मी तो रेडिएटरचा पाइप आणायला गेले. पाणी काढून ठेवलेलं, किल्ली मात्र गाडीतच राहिली. आले तर इंजिन चालू, कोरडं, किती वेळ कुणास ठाऊक — आणि हे शेजारी उभे, कान लावून. चेहऱ्यावर असं समाधान, मी तर विसरलेच होते ते. बंद करीपर्यंत हेड तडकलं. नाही, सांधता येत नाही.

रागावू कशी? हेड उतरवायला घेतलं. हे बघत बसले. म्हणाले, बाई, हात चांगलाय तुमचा, शिकवलं कुणी? म्हटलं, नवऱ्यानं. तर म्हणतात, भेटायला पाहिजे त्यांना एकदा.

— हां, गाडी. टोचन लावून दुसऱ्या गॅरेजात न्या. सुटं केलेलं सगळं डिकीत ठेवलंय. नाही, त्यांना काही विचारू नका. आत हात धुतायत, येतील आता. तुम्ही निघा.