ऐकणाऱ्याचा अंगठा

(निपाणी, १९८१. दिवाळीची सुट्टी संपून आठ दिवस झालेले. शनिवारची संध्याकाळ. तानीबाई घराच्या सोप्यात बिड्या वळत बसली आहे. मुलींच्या शाळेतल्या लतिकाबाई उंबऱ्याशी उभ्या आहेत.)

तानीबाई : त्ये आंधळ्या घोड्याचं पुस्तक त्या कोनाड्यात हाय. न्हेणार असला तर न्ह्या. पान दुमडल्यालं न्हाय, डाग न्हाय. बघून घ्या.

लतिकाबाई : मी पुस्तकासाठी आले नाही.

तानीबाई : मग?

लतिकाबाई : म्हणजे, हेडमास्तरांनी त्याचीही आठवण करून दिली. पण मी आले सुनंदासाठी. शाळा उघडून आठवडा झाला, तिचा पत्ता नाही.

तानीबाई : सुनी हितं न्हाय. कणकुंबीला हाय, माझ्या भनीकडं, अंबुबाईकडं. दिवाळीला म्हणून गेली ती ऱ्हायलीच. म्हणली, त्या शाळंत परत पाय ठेवणार न्हाय.

लतिकाबाई : सातवीचं वर्ष आहे तिचं.

तानीबाई : आता मला सांगताय व्हय त्ये? बसा. उभ्या का? त्ये घोंगडं घ्या. तंबाखूचा ठसका लागंल, नाकाला पदर लावा.

लतिकाबाई : लागू दे. तानीबाई, त्या दिवशी काय झालं ते तिनं तुम्हाला सांगितलं?

तानीबाई : ती कुठली सांगती. गल्लीतल्या पोरींनी सांगितलं. लई रंगवून रंगवून.

लतिकाबाई : मग आता माझ्याकडून ऐका. सुट्टीआधीचा तो पुस्तकांचा सण मीच काढला होता. पंधरा दिवसांचा. मुली पुस्तक हातात घेतात ते परीक्षेपुरतं, तेही मारूनमुटकून. म्हटलं, एकदा गंमत म्हणून वाचू देत. शाळेला तोरणं बांधली, लेझीम काढलं, कपाटाची किल्ली मुलींच्या हातात दिली. आणि प्रत्येकीला एक कार्ड दिलं. घरात कुणाला तरी मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवायची आणि ऐकणाऱ्याची सही आणायची. सही येत नसेल तर अंगठा.

तानीबाई : ठावं हाय त्ये कार्ड.

लतिकाबाई : शेवटच्या दिवशी सगळ्यात जास्त गोष्टी सुनंदाच्या निघाल्या. एकोणीस. विसावी अर्धी. तिला फुलांच्या खुर्चीत बसवून वाचायला लावायचं असं ठरलं होतं. गावातली मंडळी जमलेली. मी तिचं कार्ड हातात घेतलं. एकोणीस अंगठे, आणि सगळे एवढे एवढे. लहान मुलीचे.

तानीबाई : म्हणून तुमी तिचं बोट धरलंसा.

लतिकाबाई : शाईच्या गादीवर दाबलं आणि कार्डावर शेजारी उठवलं. हुबेहूब तोच. मग मी माइकवर बोलले.

तानीबाई : काय बोललासा? पोरी सांगत्यात त्ये नगं. तुमीच सांगा.

लतिकाबाई : म्हणाले, खोटेपणा करून वाचनाचं बक्षीस मिळत नसतं.

तानीबाई : पोरी हासल्या?

लतिकाबाई : हसल्या.

तानीबाई : नि सुनी?

लतिकाबाई : नुसती उभी. एक शब्द नाही. मला वाटलं, चोरी सापडली म्हणून गप्प.

तानीबाई : पेन हाय का तुमच्याकडं? शाईचं?

लतिकाबाई : आहे. कशाला?

तानीबाई : टोपण काढा. हां. सोडा शाई हितं, माझ्या अंगठ्यावर. सोडा की, शाईनं काय हात झडत न्हाय. आता कागद धरा. ह्यो बघा दाबला.

लतिकाबाई : डाग पडला. हात हलला असेल. पुन्हा दाबा.

तानीबाई : घ्या, दाबला.

लतिकाबाई : पुन्हा तसंच. रेषा... रेषा कुठं आहेत, तानीबाई?

तानीबाई : झिजल्या. नवव्या वर्सापास्नं बिड्या वळते, बाई. पान ओलं, तंबाखू तिखट, नि टोक मुडपायचं ह्याच अंगठ्यानं. दिसभर त्येच. रेघा ऱ्हातील कुठनं? रेशनच्या हापिसात सायेब म्हणला, बाई, ह्यो अंगठा न्हवं, ह्यो ढब्बा हाय.

लतिकाबाई : म्हणजे कार्डावर...

तानीबाई : पयल्या दिवशी सुनीनं माझाच अंगठा घेतला. वहीवर उठवून बघितला, तीनदा. ढब्बाच. रडकुंडीला आली पोर. म्हणली, बाईंना वाटंल कुणी ऐकलंच न्हाय. मग मीच म्हणलं, लाव तुझा. माझ्या पोटचं बोट, माझंच की त्ये. शाळंत त्येला खोटेपणा म्हणत्यात, मला काय ठावं?

लतिकाबाई : तिनं एक वाक्य बोलायचं होतं माझ्याशी. एकच.

तानीबाई : कुठलं? भरल्या सभंत सांगायचं, माझ्या आईला अंगठा न्हाय म्हणून? पोरी आणिक हासल्या असत्या. तवा माझ्यावर.

लतिकाबाई : माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही हो.

तानीबाई : मला झाकायला गप्प बसली ती. नि तुमी तिला चोर केलासा.

लतिकाबाई : चुकलं माझं. फार चुकलं. काय तोंडानं बोलू तुमच्याशी?

तानीबाई : मला बोलवायचं होतं शाळंत. इचारायचं, ऐकलंय का न्हाय. एकोणीसच्या एकोणीस सांगितल्या असत्या. त्या एका गोष्टीत त्यो आभाळात टपाल घिऊन जाणारा पोष्टमन हाय बघा. दोन म्हयने नवरा आभाळात, नि खाली त्येची बायकू काय करती? एक अक्षर न्हाय तिच्याबद्दल. मी सुनीला इचारलं, ती म्हणली, आई, पुस्तकात लिवल्यालं न्हाय. मी म्हणलं, मग त्या लिवणाऱ्याला जाऊन इचार.

लतिकाबाई : मी ते पुस्तक चार वेळा वाचलंय. मला कधी पडला नाही हा प्रश्न.

तानीबाई : तुमी कुणाला वाचून दावता?

लतिकाबाई : मी? कुणाला दाखवणार? खोलीवर एकटीच असते. बेळगावला आई होती तोवर शनिवारची गाडी पकडत होते. ती गेली, आता तेही नाही. वाचते आपली मनातल्या मनात.

तानीबाई : मग पुस्तक सपल्यावर?

लतिकाबाई : दिवा मालवते.

तानीबाई : माझं बी आता तसंच. मालक जाऊन तीन वर्सं झाली, पर घर एवढं मोकळं कधी वाटलं न्हवतं. सुनी हितं पाय पसरून बसायची नि वाचायची. हासता हासता माझ्या सुपातली तंबाखू सांडायची, वळल्याली बिडी सुटायची, शुद्ध नसायची. आता हात चालतोय नि कान रिकामं. कवा कवा मीच पानांसंगं बोलत बसते, येड्यावानी. मग माझी मलाच लाज वाटती.

लतिकाबाई : मी उद्याच कणकुंबीला जाते. पहिल्या गाडीनं. तिची माफी मागते.

तानीबाई : नगं. तुमी दारात दिसलासा तर ती मागच्या दारानं रानात पळंल. तिथं रानाला काय तोटा न्हाय.

लतिकाबाई : मग काय करू? तुम्हीच सांगा. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी त्याच माइकवर मी सगळ्यांना सांगणार आहे, चूक माझी होती म्हणून. पण ऐकायला ती हवी ना. मी मुलींना वाचनाची गोडी लावायला निघाले, आणि जिला ती लागली होती तिचंच वाचन मी तोडलं. ते जर कायमचं सुटलं, तानीबाई, तर मला झोप नाही लागायची.

तानीबाई : सांगताना माझ्या अंगठ्याचं बी सांगा. मला त्येची लाज न्हाय. निम्म्या गल्लीचं अंगठं असलंच हाईत. आता एक काम करा. त्या डब्यामागं हात घाला, पत्र हाय. निळं.

लतिकाबाई : हे तर फोडलेलंच नाही. कधी आलं?

तानीबाई : सोमवारी.

लतिकाबाई : आणि पाच दिवस तसंच?

तानीबाई : फोडून काय करू? घरात वाचणारी एकच, नि तिनंच लिवल्यालं.

लतिकाबाई : शेजारी कुणाला तरी...

तानीबाई : शेजारी वाचलं की दिवं लागायच्या आत गल्लीभर हुतं. पोष्टमन घाईत. रोज उशाखाली घिऊन निजते. तुमी आलासा, तुमीच वाचा.

लतिकाबाई : मी?

तानीबाई : मोठ्यानं. नि हाय तसं.

लतिकाबाई : 'तीर्थरूप आईस, सुनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. मी बरी आहे. मावशी बरी आहे. इथं जळवा फार आहेत. मावशीच्या घरात कॅलेंडर सोडून वाचायला काही नाही. मी त्याचे बाराही महिने वाचले. मागच्या बाजूचंसुद्धा वाचलं.'

तानीबाई : बघा. हासू येतंय का न्हाय? म्होरं?

लतिकाबाई : 'आई, घोड्याची गोष्ट आपली अर्धी राहिली. मी तुझ्याआधी पुढची पानं चोरून वाचली होती, रागावू नकोस. घोडा नदी पार करतो. पण त्याच्या पुढचं सांगत नाही, ते वाचण्यातच मजा आहे. तुझी आठवण येते. जेवताना जास्त येते. पण मी शाळेत येणार नाही. तू बोलावलंस तरी येणार नाही.'

तानीबाई : थांबलासा का? सपलं?

लतिकाबाई : नाही. अजून एक ओळ आहे.

तानीबाई : वाचा की मग.

लतिकाबाई : 'हे पत्र कुणाकडूनही वाचून घे, पण बाईंकडून नको.'

तानीबाई : ...गाळता आलं असतं तुमाला. मला कुठं कळणार हुतं?

लतिकाबाई : तुम्ही म्हणालात, आहे तसं वाचा.

तानीबाई : व्हय. म्हणलं खरं. पाणी पिता का? घागरीवर तांब्या हाय. प्या, नि मग बसा उत्तर लिवायला.

लतिकाबाई : सांगा. 'चिरंजीव सुनंदा हिस...' पुढं काय लिहू?

तानीबाई : म्होरं तुमचं लिवा. मगाशी माझ्याजवळ बोललासा त्ये समदं. माझं त्येच्या मागनं.

लतिकाबाई : ती माझं अक्षर ओळखते. बघितल्याबरोबर फाडून टाकील.

तानीबाई : फाडायची न्हाय. कोपऱ्यात भिरकावंल. घटकाभर तिकडं पाठ करून बसंल.

लतिकाबाई : आणि मग?

तानीबाई : मग उचलंल. वाचल्याबिगर ऱ्हाती व्हय ती?